पेशीचं दार उघडायचं कसं?

लासलगावच्या बाईला कांद्याबद्दल नवीन काही सांगायला जाऊ नये! लाल कांदा कोणता आणि उन्हाळ कोणता, चाळीत किती महिने टिकेल, कोंब कधी धरेल, आज लिलावात काय भाव निघाला, हे सगळं आम्हाला तोंडपाठ असतं. भाव पडला की घरातले बेत बदलतात, लग्नाच्या तारखासुद्धा पुढे ढकलल्या जातात. पण जन्मतःच बिघडलेलं जनुक दुरुस्त कसं करायचं, या वैद्यकशास्त्रातल्या मोठ्या प्रश्नाची एक वाट याच कांद्याच्या पापुद्र्यातून गेली आहे, हे आमच्यातल्या फारशा कुणाला ठाऊक नाही. आज त्याबद्दलच सांगायचं आहे.

मी काही विज्ञान शिकलेली नाही. मराठी घेऊन बी.ए. झाले, लग्न होऊन या गावात आले आणि संसार सांभाळत महिला मंडळाचं काम करत राहिले. मग जनुकांच्या वाटेला कशी गेले? त्याला कारण आमच्या निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागा.

बागेची छाटणी, विरळणी, काढणी ही कामं आली की पेठ, सुरगाणा, दिंडोरीकडच्या आदिवासी मजुरांच्या टोळ्या इकडे येतात. सगळं कुटंबच येतं. नवरा-बायको बागेत, पोरं बागेच्या कडेला झोपडीत. या मुलांसाठी आम्ही बायका मिळून अधूनमधून आरोग्य शिबिरं घेतो. खोकला, खरूज, जंत हे नेहमीचंच. पण काही मुलं वेगळी दिसतात. रंग फिका, डोळे पिवळसर, वाढ खुंटलेली. थंडी पडली किंवा ताप आला की हातपाय असे ठणकतात, की मूल रात्रभर कळवळतं. डॉक्टर रक्त तपासायला सांगतात आणि काही जणांच्या कागदावर लिहून येतं, ‘सिकलसेल’.

अशाच एका मुलाच्या आईने मला दोन प्रश्न विचारले होते. पहिला असा, “सासू म्हणती माझ्याच रक्तात खोट हाये. खरं का ताई?” आणि दुसरा, “डॉक्टर म्हणले बारीकसाच बिघाड हाये. मंग तो नीट का नाही करत?”

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे आणि ते प्रत्येक सासूने ऐकायला हवं. सिकलसेलचा आजार मुलाला होतो तो आई आणि बाप दोघांकडूनही बिघडलेलं जनुक आलं तरच. एकाकडूनच आलं तर मूल फक्त ‘वाहक’ असतं. त्याला सहसा काही त्रास होत नाही. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक खेपेला आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक. म्हणजे खोट एकट्या सुनेची कधीच नसते. निम्मा वाटा सासूबाईंच्या लेकाचा असतो!

दुसरा प्रश्न मात्र मला पुष्कळ दिवस पुरला. पुस्तकं चाळली, ओळखीच्या डॉक्टरांना भंडावून सोडलं, औषधनिर्माणशास्त्र शिकणाऱ्या भाचीकडून काही समजून घेतलं. जे कळलं ते तुमच्यापुढे मांडते.

एका अक्षराची चूक

आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनएची एक पोथी असते. तिच्यात तीनशे कोटींच्या आसपास अक्षरं. या पोथीतला एकेक परिच्छेद म्हणजे एकेक जनुक. रक्ताला लाल रंग देणारं आणि प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिन कसं बनवायचं, हे अशाच एका जनुकात लिहिलेलं असतं. सिकलसेलमध्ये या जनुकातलं फक्त एक अक्षर बदललेलं असतं. एक अक्षर! पण त्यामुळे हिमोग्लोबिनचे कण एकमेकांना चिकटून काड्या होतात आणि गोल, मऊ तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. म्हणून त्या जीवघेण्या कळा. शिवाय चांगली तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही मात्र दहा-वीस दिवसांत मोडते. म्हणून कायमचा पंडुरोग.

भारतात हा दोष प्रथम नोंदवला गेला तो १९५२ साली, नीलगिरीच्या आदिवासींमध्ये. आपल्याकडे नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात तो आढळतो, नाशिक जिल्ह्यातल्या पाड्यांवरही. मलेरियाच्या प्रदेशात वाहकांना मलेरियापासून थोडं संरक्षण मिळत गेलं, म्हणून हे जनुक पिढ्यान् पिढ्या टिकलं, असं शास्त्रज्ञ सांगतात. आणि हा प्रश्न फक्त पाड्यावरचा आहे, असंही समजू नका. याच जनुकातल्या वेगळ्या बिघाडांमुळे होणारा थॅलेसेमिया सिंधी, कच्छी, लोहाणा अशा व्यापारी समाजांतही आहे.

चुकीचं अक्षर कोणतं, हे तर कधीच कळलं. मग अडतं कुठे? अडतं दारात!

साबण, मीठ आणि कांदा

नववी-दहावीत आपण सगळ्यांनी कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकातून पाहिलेला असतो. विटा रचल्यासारख्या त्या पेशी आठवतात ना? आमच्या किशोरी मंडळातल्या मुलींसोबत आम्ही एक प्रयोग केला होता. तुम्ही मुलांसोबत स्वयंपाकघरात करू शकाल. कांदा बारीक वाटायचा. मीठ आणि भांडी घासायचा पातळ साबण घातलेल्या पाण्यात तो दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा, फडक्यातून गाळायचा आणि त्या पाण्यावर बर्फात गार केलेलं स्पिरिट हळूच सोडायचं. थोड्या वेळाने मधल्या थरात पांढरे, चिकट धागे तरंगू लागतात. तो कांद्याचा डीएनए! मुली बघतच राहिल्या.

साबण कशाला लागतो, तर पेशीभोवतीचा पातळ पडदा हा मेदाचा, म्हणजे तेलकट असतो. तुपाची वाटी जशी साबणाने निघते, तसा तो पडदा साबणाने फाटतो आणि आतला डीएनए बाहेर येतो. बाहेर काढणं इतकं सोपं आहे. पण जिवंत माणसाच्या पेशीत डीएनए आत घालायचा तर? तिथे साबण चालणार नाही, पेशीच मरेल. नुसता डीएनए रक्तात सोडला तर रक्तातले पाचक रस त्याचे तुकडे करतात. त्यातून वाचून तो पेशीपाशी पोहोचला, तरी त्याच्यावर ऋण विद्युतभार असतो आणि पेशीच्या बाहेरच्या अंगावरही ऋणभारच. दोघं एकमेकांना ढकलतात. वर तो आकाराने मोठा. म्हणजे औषध तयार आहे, पत्ता माहीत आहे, पण दार बंद!

विषाणूच्या पाठीवर बसून

दार उघडण्यात कोण पटाईत? विषाणू! पेशीत शिरून आपली जनुकं तिच्यात सोडणं हाच त्याचा धंदा. म्हणून शास्त्रज्ञांनी विषाणूतला अपायकारक भाग काढला, त्या जागी चांगलं जनुक भरलं आणि त्याला हमालासारखं कामाला लावलं. १४ सप्टेंबर १९९० रोजी अमेरिकेत अशांती डिसिल्व्हा या चार वर्षांच्या मुलीवर असा पहिला मान्यताप्राप्त जनुकोपचार झाला. तिच्या शरीरात रोगप्रतिकारशक्तीच नीट नव्हती. जगभर आशा पालवल्या.

पण हमाल विषाणूच होता. सप्टेंबर १९९९ मध्ये जेसी गेल्सिंगर हा अठरा वर्षांचा तरुण अशाच एका चाचणीत दगावला. त्याच्या शरीराने विषाणूविरुद्ध इतकी तीव्र प्रतिक्रिया दिली, की चार दिवसांत सगळं संपलं. पुढे फ्रान्समध्ये जनुकोपचाराने बऱ्या झालेल्या काही मुलांना रक्ताचा कर्करोग झाला, कारण विषाणूने नेलेलं जनुक पेशीच्या पोथीत नको त्या पानावर जाऊन चिकटलं होतं.

त्यानंतर विषाणू पुष्कळ सुधारले. मुंबईच्या आयआयटी आणि टाटा रुग्णालयाने मिळून तयार केलेला रक्ताच्या कर्करोगावरचा ‘नेक्सकार१९’ हा देशी उपचार विषाणूच्याच मदतीने पेशीत जनुक पोहोचवतो. त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली आणि परदेशी उपचारांच्या मानाने तो कितीतरी स्वस्त आहे. तेव्हा विषाणू वाईटच, असं मी म्हणणार नाही. पण त्याच्या काही अडचणी आहेतच. त्याच्या पिशवीत मोठं जनुक मावत नाही. शरीर एकदा त्याला ओळखू लागलं की तोच डोस पुन्हा देणं सहसा जमत नाही. आणि तो तयार करणं फार महाग. २०२१ साली मुंबईतल्या एका तान्ह्या मुलीसाठी लोकांनी वर्गणी काढून सोळा कोटी रुपये जमवले होते, आठवतं? स्नायू दुबळे होत जाण्याच्या आजारावरचं ते इंजेक्शन म्हणजे विषाणूतून नेलेलं जनुकच होतं. केंद्र सरकारने त्यावरचे कोट्यवधींचे कर माफ केले, तेव्हा ते देशात आलं. प्रत्येक लेकरासाठी गावाने सोळा कोटी कुठून आणायचे?

म्हणून प्रश्न आला, की विषाणूशिवाय पेशीचं दार उघडेल का?

कांद्यावर झाडलेली गोळी

इथे आपला कांदा येतो! अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात जॉन सॅनफर्ड नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ पिकांच्या पेशीत जनुक कसं घालावं, या विवंचनेत होते. वनस्पतींच्या पेशीला पडद्याबाहेर आणखी एक जाड भिंत असते. १९८३ च्या सुमाराला त्यांनी आणि एडवर्ड वुल्फ या अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांनी एक अचाट कल्पना काढली. दार उघडत नाही ना? मग गोळीच झाडू! टंगस्टन धातूची अगदी सूक्ष्म पूड घ्यायची, तिला डीएनए चोपडायचा आणि ती वेगाने पेशीवर मारायची. सुरुवातीला त्यांनी साधं छऱ्याचं पिस्तूल वापरलं. आणि गोळ्या झेलायला निवडला कांदा, कारण त्याच्या पापुद्र्यातल्या पेशी चांगल्या मोठ्या आणि सूक्ष्मदर्शकातून स्पष्ट दिसणाऱ्या.

लोक हसले असणारच. पण पेशी मेल्या नाहीत. धातूचे कण आत शिरले, भोक बुजलं आणि आत गेलेल्या जनुकाने काम सुरू केलं. १९८७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध झाला आणि ‘जीन गन’, म्हणजे जनुकांची बंदूक, जगभर गेली. विषाणूमुळे नष्ट होत चाललेली हवाई बेटांवरची पपई १९९८ मध्ये नव्या वाणामुळे सावरली, ते वाण याच बंदुकीने तयार झालं होतं. पुढे टंगस्टनच्या जागी सोन्याचे कण आले.

आमच्या गावाला डीएनएची ओळख तशी आधीपासून आहे, फक्त नाव ठाऊक नव्हतं. भाभा अणुसंशोधन केंद्राचं ‘कृषक’ हे विकिरण केंद्र लासलगावला २००२ साली सुरू झालं. तिथे कोबाल्टच्या गॅमा किरणांनी कांद्याच्या कोंबाच्या पेशींतला डीएनए दुखावतो, म्हणून कोंब फुटत नाही. कांदा किरणोत्सर्गी होतो का, अशी भीती तेव्हा बायका बोलून दाखवत. तो होत नाही. डीएनए बिघडवणं असं सोपं आहे. दुरुस्त करणं हे खरं काम!

नाशिकला आलेली बिनसुईची लस

१९९० मध्ये आणखी एक आश्चर्य घडलं. अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदराच्या स्नायूत नुसता, उघडा डीएनए टोचला आणि काही पेशींनी तो चक्क आत घेतला. प्रमाण थोडं, पण रोगाची ओळख करून द्यायला थोडं पुरतं. तिथून डीएनए लशींचा विचार पुढे गेला.

करोनाच्या काळात अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने ‘झायकोव्ह-डी’ ही लस तयार केली. २० ऑगस्ट २०२१ रोजी तिला आपत्कालीन परवानगी मिळाली. माणसांसाठीची ती जगातली पहिली डीएनए लस. तिला सुई नव्हती. एका छोट्या उपकरणातून औषधाची बारीक धार इतक्या जोरात सुटायची, की ती कातडीत शिरायची आणि त्या दाबाने डीएनएसुद्धा पेशीत जायचा. जीन गनचीच धाकटी बहीण म्हणा ना! महाराष्ट्रात ही लस आधी द्यायला जे जिल्हे निवडले, ते होते नाशिक आणि जळगाव. लस म्हणजे जनुकोपचार नव्हे, हे खरं. लस शरीराला शत्रूची ओळख करून देते, बिघडलेलं जनुक ती दुरुस्त करत नाही. पण पेशीच्या आत अक्षरं पोहोचवायची अडचण दोन्हीकडे सारखीच.

विजेचा क्षणभर झटका

तिसरी युक्ती विजेची. पेशींना सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका विजेचा झटका दिला, की मेदाच्या पडद्याला क्षणभर भोकं पडतात. तेवढ्यात बाहेरचं औषध आत जातं आणि भोकं मिटतात. रेल्वेचं फाटक थोडा वेळ उघडावं, माणसं पलीकडे जावीत आणि फाटक पुन्हा पडावं, तसं. जास्त वेळ उघडं राहिलं तर अपघात! १९८२ पासून ही पद्धत प्रयोगशाळेत माहीत आहे.

सिकलसेलच्या आयांना सर्वांत जवळची बातमी इथूनच आली. २०१९ साली अमेरिकेत व्हिक्टोरिया ग्रे या चार मुलांच्या आईवर एक नवा उपचार झाला. तिच्या रक्तातून मूळपेशी बाहेर काढल्या, विजेच्या झटक्याने त्यांच्यात ‘क्रिस्पर’ ही जनुकाची कात्री सोडली आणि त्या पेशी तिला परत दिल्या. कात्रीने काय केलं, तर गर्भात असताना आपलं जे हिमोग्लोबिन असतं आणि जन्मानंतर बंद होतं, त्याचं बटण पुन्हा चालू केलं. गर्भातलं हिमोग्लोबिन पेशीला वाकडं होऊ देत नाही. तिच्या वेदनांचे झटके थांबले. ‘कॅसजेव्ही’ नावाच्या या उपचाराला ब्रिटनने १६ नोव्हेंबर २०२३ रोजी आणि अमेरिकेने ८ डिसेंबर २०२३ रोजी मान्यता दिली. यात जनुकाची कात्री पेशीत न्यायला विषाणू लागला नाही.

पण नाण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. नव्या पेशींना जागा करण्यासाठी आधी जबर औषधं देऊन रुग्णाच्या हाडांतली जुनी मज्जा रिकामी करतात. त्याने केस जातात, संसर्गाचा धोका वाढतो आणि पुढे मूल होण्याची क्षमताही जाऊ शकते. कितीतरी आठवडे रुग्णालयात काढावे लागतात. आणि अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे अठरा कोटी रुपयांच्या पुढे! द्राक्षबागेत रोजाने काम करणाऱ्या आईला हे आकडे सांगायचे कसे?

तेलाचा थेंब

म्हणून माझी स्वतःची आशा चौथ्या युक्तीवर आहे, मेदाच्या थेंबावर. पेशीचा पडदा तेलकट, तर औषधही तेलकट थेंबात गुंडाळून पाठवू, असा हा साधा विचार. १९८७ मध्ये अमेरिकेत फिलिप फेल्गनर यांनी मेदाच्या पुडीतून डीएनए पेशीत नेऊन दाखवला. पण धनभार असलेले ते मेद शरीराला सोसत नसत. मग असे मेद शोधले गेले, जे रक्तात निरुपद्रवी असतात आणि आम्ल वातावरणात धनभारित होतात. पेशी हा थेंब अन्न समजून एका पिशवीत घेते. त्या पिशवीत आम्ल असतं. थेंबाचा भार तिथे बदलतो, पिशवी फुटते आणि आतला मजकूर मोकळा होतो. लिंबू पिळलं की दूध फाटतं ना, तसा आम्लाचा नेमका उपयोग! २०१८ साली अशा थेंबांतून दिलेल्या पहिल्या औषधाला मान्यता मिळाली आणि करोनात तर कोट्यवधी लोकांनी एमआरएनए लशी याच थेंबांतून घेतल्या.

त्या परदेशी लशींपैकी एकीला उणे सत्तर अंशांची थंडी लागायची. आपल्या वाडी-वस्तीवर ते कसं जमणार? पुण्याच्या जिनोव्हा कंपनीने एमआरएनए लस तयार केली, ती साध्या फ्रिजच्या, दोन ते आठ अंशांच्या तापमानात राहणारी. जून २०२२ मध्ये तिला परवानगी मिळाली. गावात रोज वीज जाते तिथे राहणाऱ्या बाईला या एका गोष्टीचं मोल लगेच कळेल!

आणि मे २०२५ मध्ये एक बातमी आली. फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात केजे नावाच्या बाळाच्या यकृतात जनुकाचा असा बिघाड होता, की प्रथिनं पचताना अमोनिया साठून मेंदूला इजा व्हावी. डॉ. रेबेका अहरेन्स-निकलस आणि डॉ. किरण मुसुनुरू यांच्या चमूने सहा महिन्यांत फक्त त्याच्यासाठी औषध तयार केलं. मेदाच्या थेंबांत जनुक दुरुस्त करणारी रेणूंची हत्यारं भरून ती शिरेतून दिली. एकदा नाही, तीनदा. विषाणू असता तर पुन्हा देता आलं नसतं. बाळ सुधारलं आणि घरी गेलं. पेशी बाहेर काढाव्या लागल्या नाहीत की मज्जा रिकामी करावी लागली नाही.

मग सिकलसेलला हेच का नाही करत? कारण हे थेंब शिरेतून दिले की मुख्यतः यकृतात जातात. मेद सांभाळणं हे यकृताचंच काम. सिकलसेलचा कारखाना मात्र हाडांच्या मज्जेत. थेंबावर मज्जेचा पत्ता लिहायचा कसा, यावर आज जगभर संशोधन चाललं आहे. तो पत्ता लिहिता आला, तर एक दिवस सुरगाण्यासारख्या ठिकाणीही सलाइनसारखी बाटली लावून हा उपचार होऊ शकेल.

आपला देशही गप्प बसलेला नाही. दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संस्थेने सिकलसेलसाठी देशी क्रिस्पर उपचार विकसित केला. त्याचं नाव ‘बिरसा १०१’, बिरसा मुंडांच्या स्मरणार्थ. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची घोषणा झाली आणि तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आलं. रुग्णांवरच्या चाचण्यांचे टप्पे पार झाल्यावरच तो सर्वांना मिळेल. तोवर कुणी ‘जनुकोपचार करून देतो’ म्हणून पैसे मागितले, तर सावध राहा.

तोवर काय?

मैत्रिणींनो, एवढं सगळं वाचून, ऐकून माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. औषध पेशीत पोहोचवणं जितकं अवघड, तितकंच ते पाड्यावर पोहोचवणं अवघड. पहिलं काम शास्त्रज्ञांचं आहे. दुसरं तुमचं-माझं.

आणि पाड्यावर पोहोचवण्यासारखं आजही पुष्कळ आहे. हायड्रॉक्सियुरिया नावाची साधी कॅप्सूल असते. अठरा कोटींचा तो उपचार जे बटण पुन्हा चालू करतो, तेच गर्भातल्या हिमोग्लोबिनचं बटण ही कॅप्सूल थोडंफार चालू करते! ती आजार मुळातून घालवत नाही, पण कळांचे झटके कमी होतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्त तपासत, नेमाने घ्यावी लागते आणि दिवस राहण्याचा विचार असेल तर आधी डॉक्टरांना सांगावं लागतं. लहान मुलांना संसर्गापासून जपणं, लसी वेळेवर देणं, भरपूर पाणी पाजणं, थंडीत ऊब देणं, हेही औषधच. उन्हात बागेच्या कडेला बसलेल्या लेकराजवळ पाण्याची बाटली आहे ना, एवढं बागायतदारीण बाईने पाहिलं तरी एखादी कळ टळेल.

दुसरं, तपासणी. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत या आजाराचं निर्मूलन, असं त्याचं उद्दिष्ट. तपासलेल्यांना कार्ड मिळतं. लग्न ठरवताना पत्रिका जुळवतोच ना आपण? तसंच दोघांची ही कार्डंही शेजारी ठेवून पाहावीत. दोघंही वाहक निघाले तर लग्न मोडलंच पाहिजे असं नाही, पण दिवस राहताच डॉक्टरांना गाठलं तर गर्भाची तपासणी करता येते. मुलगा असो की मुलगी, तपासणी दोघांचीही व्हावी. नाहीतर आपल्याकडे ‘वाहक’ हा शिक्का फक्त मुलीच्याच कपाळी बसायचा.

आणि तिसरं तर फुकटच आहे. ज्या घरात असं मूल आहे, तिथल्या सुनेला बोल लावणं बंद करायचं. चारात एक ही शक्यता आई-बाप दोघांच्या रक्तातून येते आणि नशिबाने कुणाच्याही पदरात पडू शकते.

येत्या छाटणीला तुमच्या बागेत टोळी आली, की मजुरीचा हिशोब करतानाच तिच्यातल्या आयांना एवढं विचारा, “पोरांचं रक्त तपासलंय का गं? आणि तुझं? तुझ्या नवऱ्याचं?” तपासलं नसेल तर जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचा रस्ता दाखवा. एखादीसोबत स्वतः चालत गेलात, तर फारच उत्तम.